सिन्नाचा प्रवेश परीक्षेला येत नाही

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे अभ्यासक्रम उलटेपालटे झाले आणि मेजर, मायनर, क्रेडिट यांच्या हिशेबातून एक जुने भांडण पुन्हा वर आले. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरांना शेक्सपिअर आणि वर्ड्सवर्थ शिकवायचेच कशाला? सोलापुरात हा प्रश्न विचारणाऱ्याला टाळ्या लगेच मिळतात. गिरण्या बंद पडून जमाना झाला, यंत्रमागावर पूर्वीसारखे पोट भरत नाही, आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीला निघालेल्या मुलाला डॅफोडिल्सच्या कवितेचा उपयोग काय, याचे उत्तर कुणाकडेच तयार नसते. म्हणून एक बाजू म्हणते, साहित्य काढा आणि स्पोकन इंग्लिश आणा. दुसरी बाजू दुखावल्या आवाजात सांगते की साहित्याने माणूस घडतो. तिसरी या दोघींनाही झटकून टाकते; तिच्या मते हे सगळे हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेचे उष्टे आहे, ते कधीच फेकून द्यायला हवे होते. तिन्ही बाजूंचा सूर चढलेला असतो आणि तिन्ही एक गोष्ट बिनबोभाट गृहीत धरतात, ती म्हणजे आपल्या कॉलेजांतून आज इंग्रजी साहित्य शिकवले जाते. ते शिकवले जात नाही.

इंग्रजीच्या पदवी वर्गातून साहित्य काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्या रूपात ते आज तिथे आहे, त्या रूपात ते राहिले काय आणि गेले काय, सारखेच. भांडायचेच असेल तर ते प्रश्नपत्रिकेवरून भांडावे. पुस्तक न उघडता जिची उत्तरे लिहिता येतात अशी साहित्याची प्रश्नपत्रिका आधी रद्द करावी, मग साहित्य उपयोगी की निरुपयोगी याचा निवाडा करायला बसावे.

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवी पेठेतल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात उभे राहा. पातळ कागदाचे गाईड हातोहात खपत असते. पहिल्या पानावर लेखकाचा जन्म आणि मृत्यू, मग कथासार, मग मुख्य पात्रांची स्वभावचित्रे, मग ‘थीम्स’, मग दोन-दोन मार्कांचे प्रश्न आणि शेवटी बहुपर्यायी. आता तर तेवढा खर्चही कुणी करत नाही, तेच सगळे पीडीएफमध्ये मोबाइलवर फिरते. नाटकावरचे आख्खे गाईड चाळले तरी नाटकातल्या दहा ओळी सलग सापडत नाहीत. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’वरच्या ‘ब्रूटसचे स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाला ब्रूटस थोर, आदर्शवादी, देशभक्त आणि भोळा होता असे लिहिले की काम भागते. ब्रूटस नेमके काय बोलतो, कुठे अडखळतो, रात्री झोप का येत नाही त्याला, हे ठाऊक असलेल्या मुलीला आणि ठाऊक नसलेल्या मुलीला मार्क जवळपास तेवढेच पडतात. मुलांना कशाला दोष द्यायचा? पार्टटाइम नोकरी करून कॉलेज करणारा मुलगा व्यवहार बघतो. जे न वाचता पास होता येते ते वाचण्यात वेळ घालवणारा त्याच्या हिशेबात खुळा ठरतो. आणि आम्ही शिक्षक तरी काय करतो? हातात मोजके तास, त्यात एक नाटक, दहा-बारा कविता, काव्यप्रकारांची माहिती, इंटर्नलचे प्रोजेक्ट. सेमिस्टर संपायच्या आत ‘पोर्शन’ संपवायचा असतो. मग कथासार सांगायचे आणि नोट्स द्यायच्या.

उपयोगाचा मुद्दा काढणाऱ्यांचे म्हणणे जेवढे खरे आहे तेवढे मान्य करायलाच हवे, आणि ते बरेच खरे आहे. माझ्या वर्गातल्या अनेकींच्या आया बिड्या वळतात. वडील कुणाचे मागावर, कुणाचे रिक्षावर, कुणाचे दुसऱ्याच्या शेतात. कॉलेजची पायरी चढणारी घरातली ही पहिलीच पिढी. तीन वर्षे इंग्रजी ‘स्पेशल’ घेऊन, मिल्टनचे आंधळेपणावरचे सुनीत ‘शिकून’ बाहेर पडलेल्या मुलीला साधा अर्ज कुणाचा तरी बघितल्याशिवाय लिहिता येत नसेल, तर तिची आणि तिच्या आईची ती फसवणूक आहे. साहित्याच्या थोरवीवर भाषण करून ती झाकता येत नाही. मुलाखतीत बसल्यावर ‘तुम्ही काय शिकलात’ याचे उत्तर तिला द्यायचे आहे, आम्हाला नाही.

पण औषध म्हणून जे सुचवले जाते ते तरी नवे आहे का? सक्तीच्या इंग्रजीच्या पुस्तकात संभाषण कौशल्याचे धडे येऊन कैक वर्षे लोटली. रेल्वे चौकशीच्या खिडकीवरचा संवाद, बँकेतला संवाद, फोनवर कसे बोलावे, मुलाखतीला कसे बसावे. मुलांनी तेही पाठ केले आणि परीक्षेत उतरवले. ज्या यंत्रात ब्रूटस घालून कोंडा बाहेर येतो, त्यात रेल्वे चौकशी घातली तरी कोंडाच येणार. सात रस्त्यापासून पूर्व भागापर्यंत स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे फलक लटकलेले दिसतात. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला तिथे मिळालेले उत्तर इतके साचेबंद असते की एका क्लासची दहा मुले एकाच आईच्या पोटची वाटावीत. भाषा येते ती भरपूर ऐकून आणि भरपूर वाचून. त्यातही जे वाचताना पुढे काय झाले याची ओढ लागते ते वाचून. तयार वाक्यांचा साठा खिशात ठेवून कुणाला भाषा आलेली मी तरी पाहिलेली नाही. शिवाय जो अर्ज लिहिता येत नाही म्हणून एवढा गहजब, तो आता मोबाइल फुकटात लिहून देतो, तोही बिनचूक. मग माणसाला शिकायचे काय उरले? त्या मोबाइलने लिहिलेल्या मजकुरात काय म्हटले आहे, काय दडवले आहे, आणि आपल्याला नको ते त्याने आपल्या तोंडी घातले आहे का, हे ओळखणे उरले. बारकाईने वाचण्याची ही सवय कोणत्या ‘स्किल’च्या पेपरात बसते?

याच कारणासाठी मला साहित्याचा तास हवा आहे, म्हणून एका तासाबद्दल जरा सविस्तर सांगते. ‘ज्युलिअस सीझर’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात, सीझरची हत्या झाल्यावर, लोकांपुढे दोन भाषणे होतात. आधी त्याला मारणाऱ्या कटवाल्यांतला ब्रूटस बोलतो, तेही गद्यात, मुद्देसूद, वकिली थाटात. मग सीझरचा मित्र अँटनी उठतो आणि पद्यात बोलतो. तो म्हणतो, मी सीझरला पुरायला आलोय, त्याची स्तुती करायला नाही; आणि मग स्तुतीच करतो. ‘ब्रूटस हा सन्माननीय माणूस आहे’ हे वाक्य तो पुनःपुन्हा म्हणतो. पहिल्यांदा ते खरेच आदराने म्हटल्यासारखे वाटते. दुसऱ्या खेपेला कान टवकारतात. पुढे पुढे तेच वाक्य, एकही अक्षर न बदलता, शिवी होऊन बसते. हे मी वर्गात नुसते मोठ्याने वाचते आणि मुलांना विचारते, दगा नेमका कोणत्या ओळीला सुरू झाला? वर्ग भांडायला लागतो. कुणी म्हणते पहिल्याच ओळीला, कुणी म्हणते मृत्युपत्र दाखवले तिथे. पार्क मैदानावरच्या निवडणुकीच्या सभा ऐकत मोठी झालेली मुले आहेत ही. ‘आमचे मित्र फार मोठे नेते आहेत’ या वाक्याचा अर्थ त्यांना गाईडमध्ये शोधावा लागत नाही. मग अँटनी मृत्युपत्र दाखवतो, पण वाचत नाही. सीझरच्या झग्यावरची भोके दाखवतो आणि कुठला वार कुणाचा तेही सांगतो, जणू प्रत्येक वार त्याने उभे राहून मोजला होता. सीझर पडला तेव्हा तो तिथे नव्हताच. हे वर्गात कुणाच्या तरी लक्षात येते तेव्हा जो गलका होतो, त्यासाठी मी या पेशात टिकून आहे.

त्यापुढचा प्रवेश अगदी लहान आहे. परीक्षेला तो येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी वगळला जातो. भडकलेला जमाव रस्त्यावर आला आहे. सिन्ना नावाचा एक कवी त्यांना आडवा येतो. कटवाल्यांतही एक सिन्ना आहे, पण तो वेगळा. जमाव विचारतो, नाव काय, कुठे निघालास, राहतोस कुठे, लग्न झालेय का. आणि नीट सांग, थोडक्यात सांग, खरे सांग. तो सीझरच्या अंत्ययात्रेला, मित्र म्हणून निघालेला असतो. नाव सांगतो आणि तिथेच घात होतो. मी कटवाला नव्हे, कवी सिन्ना, असे तो ओरडतो, तेव्हा जमावातला एक जण म्हणतो, मग याच्या वाईट कवितांसाठी फाडा याला. हा प्रवेश वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ मी नाही म्हटले. मागच्या बाकावरून मंगळवेढ्याकडचा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘रैनपाड्याला असंच झालं की.’ १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या रैनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर पसरली आणि जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, पोटासाठी फिरणारे, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. आपण कोण ते तेही सांगत होतेच. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी वही मिटली नाही. हे ‘कौशल्य’ आहे की नाही मला माहीत नाही. पण वाक्याने जमाव कसा पेटतो हे एकदा ओळीओळीने पाहिलेल्या मुलाच्या हातात मोबाइल असणे आणि न पाहिलेल्याच्या हातात असणे यात फरक आहे, असे मला वाटते.

इथे साहित्याच्या कैवाऱ्यांना चेव येईल: बघा, साहित्याने माणूस घडतो, आम्ही तेच म्हणत होतो. नाही, मी ते म्हणत नाही. त्या वाक्यानेच आमच्या विषयाचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. शेक्सपिअरने माणसे आपोआप सुधारत असती, तर शेक्सपिअरच्याच देशातून आलेल्या राज्यकर्त्यांनी मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला नसता आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फासावर चढवले नसते. रसिक माणूस क्रूर असू शकतो, आणि एक कविता न वाचलेली बाई देवमाणूस असू शकते. हे समजायला सोलापूरच्या कुठल्याही गल्लीत आठवडाभर राहणे पुरे. साहित्याच्या तासाने संस्कार होतात असा दावा केला की तो तास लगेच सुविचारांचा होतो, कवितेचा ‘संदेश’ काढायला लागतो, आणि परीक्षेत ‘कवी आपल्याला निसर्गावर प्रेम करायला शिकवतो’ असे लिहून मुले मोकळी होतात. माझा दावा लहान आहे. या तासाला दुसऱ्याचे बोलणे नीट वाचायला शिकता येते. त्याचा वापर कोण कशासाठी करील ते सांगता येत नाही; अँटनीही फार उत्तम वाचक होता, समोरच्या गर्दीचा.

आता मेकॉलेचा आक्षेप. तो टाळ्यांसाठी फेकला जातो म्हणून खोटा ठरत नाही. इंग्रजी साहित्य हा विषय विलायतेत प्रतिष्ठित होण्याआधी हिंदुस्थानात रुजला. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या पुस्तकात त्याची कहाणी पुराव्यानिशी मांडली आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी सुरू व्हायला १८९४ साल उजाडावे लागले, तोवर आपल्याकडच्या दोन पिढ्या ते साहित्य पाठ करून बसल्या होत्या. धर्माच्या शाळा उघडून लोकांना बिथरवण्यापेक्षा कविता शिकवून त्यांना वळवणे सोपे, असा तो हिशेब होता. मेकॉलेने १८३५च्या टिपणात युरोपीय ग्रंथांच्या एका फळीपुढे सगळ्या पौर्वात्य वाङ्मयाला तुच्छ लेखले, हेही आपल्याला पाठ आहे. सगळे कबूल. पण ज्याने शिकवले त्याच्या मनातलेच शिकणाऱ्याने उचलले, असे घडले का? जोतीराव फुले मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि त्यांच्या हाती लागला तो माणसाच्या हक्कांची बाजू मांडणारा टॉमस पेन. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांच्या नावे लिहिली आणि ग्रंथाला प्रस्तावना जोडली ती इंग्रजीत. सावित्रीबाईंच्या १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली म्हटले आहे. यातले काय मेकॉलेच्या हिशेबात होते? आणि इंग्रजीचे वर्ग घेणाऱ्यांनीच मराठीला तिचे बंडखोर दिले. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक, विंदा इंग्रजीचे प्राध्यापक, आणि देशीवाद सांगणारे नेमाडेही अनेक वर्षे इंग्रजी शिकवत होते.

हा आक्षेप खरोखर मनापासून घेणाऱ्यांनी पुढे काय केले, तेही पाहावे. १९६८ साली केनियातल्या नैरोबी विद्यापीठात लेखक न्गूगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग या तिघांनी इंग्रजी विभागच बरखास्त करा, असे टिपण दिले. आपल्याकडचा एखादा उत्साही माणूस इथेच थांबला असता. त्यांनी मात्र विभागाच्या जागी साहित्याचा विभाग मागितला, मधोमध आफ्रिकेचे साहित्य, मौखिक परंपरेसकट, आणि भोवती बाकीचे जग. एका देशाचे साहित्य कायम केंद्रस्थानी का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर साहित्य काढून तिथे टेलिफोन शिष्टाचार शिकवा, असे उत्तर त्यांच्यातल्या कुणाला सुचले नाही.

मग मराठीतच वाचा की साहित्य, इंग्रजीचा सोस कशाला? पुण्यात हा प्रश्न सोपा आहे. सोलापुरात तो विचारणाऱ्याने आधी एकदा वर्गात येऊन बसावे. अशोक चौकाकडून येणाऱ्या मुलीच्या घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोटकडच्या मुलाच्या घरात कन्नड. शुक्रवारी तास लवकर सोडायला सांगणाऱ्या दोघी आपसात उर्दू-दखनीत कुजबुजतात. मराठी या सगळ्यांना येते, फर्डी येते, पण ती काहींची घरची आहे आणि काहींची शेजारची. इंग्रजी वर्गातल्या कुणाच्याच घरची नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा वरचष्मा असतो हे खरे, पण कवितेच्या एका ओळीवर चर्चा सुरू झाली की तो फार वेळ टिकत नाही. अर्थ लावताना उच्चार कामाला येत नाहीत. तेव्हा चारही भाषा ज्या टेबलावर मांडता येतात असा हा एकच तास आपल्याकडे आहे. आम्ही मात्र त्या तासाला भिंत घालून ठेवली आहे: ‘स्पीक इन इंग्लिश ओन्ली.’

खरे तर या शहराला याचे नवल वाटू नये. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि कवितेची कन्नड. ते १९४४ ते १९५६ इथल्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते, आणि १९७३चे ज्ञानपीठ त्यांच्या कन्नड कवितेला मिळाले. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे संक्रांतीला सगळे शहर चालते, ते बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे शिवभक्तीची छोटी गद्यकाव्ये रचणारे, होते, हे गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसणाऱ्या किती मुलांना माहीत आहे? त्यांच्याही आधीचा दासिमय्या हा वचनकार विणकर होता. ए. के. रामानुजन यांनी त्याची वचने इंग्रजीत आणली, ती १९७३पासून ‘स्पीकिंग ऑफ शिवा’ या पुस्तकात जगभर वाचली जातात. मागावरच्या माणसाच्या नातीने विणकराची कविता इंग्रजीच्या वर्गात वाचायला काय हरकत आहे? शरणकुमार लिंबाळे आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ‘अक्करमाशी’ या त्यांच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद दूरदूरच्या विद्यापीठांतले विद्यार्थी वाचतात; हन्नूरच्या रस्त्यावरून रोज एसटीने येणाऱ्या मुलाने तो शेक्सपिअरशेजारी ठेवून वाचला, तर शेक्सपिअरचा अपमान होणार आहे का? उलट, अँटनीचे कसब पाहिलेले डोळे लिंबाळ्यांच्या कोरड्या, तुटक वाक्यांकडे अधिक सावध होऊन पाहतील. मी शेक्सपिअर काढा म्हणत नाही. त्याला शेजार द्या म्हणते.

‘आमच्या मुलांना हे झेपणार नाही’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त झोंबतो, कारण तो बहुधा प्रेमाने घेतलेला असतो. इंग्रजीची बोंब, शब्दसंपत्ती नाही, वाचनाची सवय नाही, कसे करणार ही मुले? इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेतले. १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात ते छापले. इंग्रजी ज्यांच्या आईची भाषा, ज्यांनी त्यातच उत्तम शिक्षण घेतले, त्यांनी साध्या साध्या ओळींचा उलटा अर्थ लावला होता, नामवंत कवींना नावे ठेवली होती आणि सुमार कवितांवर जीव टाकला होता. म्हणजे वाचता न येणे हा सोलापूरचा खास रोग नाही. आणि बारकाईने वाचण्याची परंपरा आपल्याला विलायतेतूनच आणावी लागते असेही नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. वारकरी कीर्तनात बुवा एकच अभंग घेतात आणि त्यावर दोन तास उभे राहतात. दुसऱ्या चरणात हाच शब्द का, आधीच्या चरणाशी त्याचा मेळ कसा, माउलींनी हेच कुठे निराळे म्हटले आहे, दाखला, उलट दाखला. समोर बसलेल्या शेतकऱ्याला तो अभंग पाठ असतो. कथासाराची त्याला गरज नसते आणि बुवा कुठे घसरले हेही त्याला कळते. दोन तास चार ओळींवर खर्च केल्याने नोकरी कुठली लागणार, असे तिथे कुणी विचारत नाही.

तेव्हा करायचे काय? अभ्यास मंडळापुढे ठेवता येईल असे माझे मागणे साधे आहे. पुस्तके अर्ध्यावर आणा आणि जी ठेवाल ती वर्गात आख्खी वाचा, मोठ्याने. चर्चा कुठल्याही भाषेत होऊ द्या, लिहायचे तेवढे इंग्रजीत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा द्या, आणि त्यासोबत न वाचलेला एक उतारा किंवा कविता द्या, कवीचे नाव न घालता. दासिमय्याचे ते वचन द्या, ज्यात तो म्हणतो की स्तन आणि लांब केस दिसले की बाई म्हणतात, दाढी-मिशा दिसल्या की पुरुष म्हणतात, पण या दोहोंमध्ये वावरणारा आत्मा बाई नाही आणि पुरुषही नाही. विचारा: ‘म्हणतात’ असे कवी का म्हणतो, कोण म्हणते ते का सांगत नाही? एक पान लिहा. मग त्यातल्या चार ओळी तुमच्या घरच्या भाषेत करा आणि कुठे अडलात ते सांगा. याचे गाईड निघू शकत नाही. जी मुलगी हे एक पान स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहील, तिला अर्जही लिहिता येईल, कारण समोर नमुना नसताना स्वतःचे वाक्य जुळवण्याची तिची भीती गेलेली असेल.

यावर एक आक्षेप असा आहे की ज्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. असली उत्तरे तपासायची कुणी? ठोकळेबाज उत्तर दोन मिनिटांत तपासून होते; स्वतःचे म्हणून लिहिलेले पान वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि तपासणाऱ्याने ती कविता आधी स्वतः वाचलेली असावी लागते. अनेक कॉलेजांतून इंग्रजी आज तासिका तत्त्वावर शिकवले जाते. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेला माणूस तासावर पैसे घेतो, सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. एका तासाला एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात असलेल्या शिक्षकाला मी कोणत्या तोंडाने सांगू की प्रत्येक मुलाचे पान मन लावून वाच? बहुपर्यायी प्रश्न काही आकाशातून पडलेले नाहीत, ते या टंचाईतूनच आले. त्यामुळे साहित्य काढा म्हणणारे आणि साहित्य ठेवा म्हणणारे यांच्यात निदान एका मागणीवर एकी व्हायला हरकत नसावी: रिक्त जागा कायमस्वरूपी भरा, आणि एका शिक्षकाकडे किती उत्तरपत्रिका जातील याला मर्यादा घाला. स्पोकन इंग्लिश शिकवायलाही माणूसच लागणार आहे. तो कुठून आणणार, हे त्या बाजूने अजून सांगितलेले नाही.